वाघिणीचे आबाजी

आमच्या घराण्यात कोणी रडत नाही, असं मी सगळ्या समुद्रपूर तालुक्याला सांगत फिरतो. मागे हिंगणघाटला माझी दाढ काढली तेव्हा मी असा ओरडलो, की बाहेर नंबर लावून बसलेले दोघं उठून घरी गेले. पण तो डॉक्टरच नवखा होता, असं माझं म्हणणं आहे.

मी आनंदराव. थोडी कपाशी, लाख्या बैल नि त्याचा जोडीदार, आणि आठ वर्षांची नात गुंजन, एवढी माझी इस्टेट. यंदा पावसाळ्यात गुंजनला न्यूमोनिया झाला, छातीत पू साचला आणि वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात तिची छाती उघडावी लागली. ऑपरेशन नीट झालं. बरगड्यांमधून नळी घातलेली पोर वॉर्डात आली, आणि गावाहून माणसं बघायला यायला लागली. जो तो खाटेवर वाकून विचारायचा, "दुखते का वं पोरी?"

गुंजन आधी माझ्याकडे बघायची, मग म्हणायची, "नाई."

"वाघीण हाय आमची वाघीण!" पाहुण्यांनी आणलेलं केळं सोलत मी म्हणायचो. वाघिणीला केळं चालत नव्हतं, म्हणून तेही मीच खायचो.

अपेक्षा सिस्टर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा एक कागद घेऊन यायची आणि विचारायची, किती दुखतंय, बोट ठेव. गुंजनचं बोट दरवेळी हसऱ्या चेहऱ्यावर. मग सिस्टर तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं तिच्या तोंडाशी धरायची. त्याच्या नळीतून श्वास ओढला की चेंडू वर जातात आणि फुफ्फुस फुलतं. गुंजनचा एकही चेंडू हलायचा नाही. खोकलासुद्धा ती दाबून धरायची.

"आबाजी, हे पोरगी लपवून राह्यली," सिस्टर म्हणाली. "छाती उघडली तं दुखणारच. वेळेवरचं औषध चालू हाय, पण त्याहून जोराचं द्याचं तं तिनं सांगाले पाह्यजे. दुखते म्हणून श्वास घेत नाई. फुफ्फुस फुललं नाई तं डॉक्टर म्हणतात, परत ऑपरेशन करा लागन."

"आमचं रक्तच तसं हाय, सिस्टर," मी म्हणालो. एवढं ऐकूनही मी हेच म्हणालो.

माझी सून छाया, गुंजनची आई, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मामाजी, थे तुमच्या तोंडाकडं पाहून सांगते." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या कामात मी फार तयार आहे.

तरी पोरीला पुन्हा टेबलावर घेतील, हे काही डोक्यातून जाईना. तिला हुशारी यावी म्हणून मी पोळ्याचं बोलणं काढलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकतो. वर्षभर जू ओढून आंबलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतो. गुंजन दरवर्षी हळदीची वाटी धरून माझ्यासोबत असते.

"आबाजी," ती अर्ध्या श्वासात म्हणाली, "लाख्या तं बोलत नाई. मंग त्याचं कुठं दुखते, तुमाले कसं समजते?"

"हात ठेवला का कातडं थरथरते त्याचं."

"मंग तुमी रागावता त्याले?"

"काऊन रागावू? माह्यासाठीच तं वढते बिचारा!"

तिनं थोडा विचार केला. मग माझा हात धरला आणि पट्टीच्या वर, आपल्या खांद्यावर नेऊन ठेवला. खांदा दगडासारखा आवळलेला होता. माझ्या बोटांखाली तिचं अंग थरथरत होतं.

"मी नाई सांगतलं हं, आबाजी," ती म्हणाली. "तुमालेच समजलं."

आमच्या घराण्यात कोणी रडत नाही. मी असा हंबरडा फोडला, की सिस्टर धावत आली आणि आधी मलाच स्टुलावर बसवून माझी नाडी बघायला लागली. "माही नाई, तिची पाहा!" मी ओरडलो. "लय दुखते तिले!"

"आबाजी, लोकं पाहून राह्यले," गुंजननं मला समजावलं.

सिस्टरनं डॉक्टरांना विचारून जोराचं औषध दिलं. थोड्या वेळानं गुंजनच्या कपाळावरची आठी गेली. सिस्टरनं तिला उशी छातीशी कवटाळायला लावून खोकायला शिकवलं.

दुपारी गावाहून आमचे प्रभाकरराव केळी घेऊन आले. वाकून म्हणाले, "दुखते का वं पोरी?"

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे पुसत म्हणालो, "सांग न, बाई."

"दुखते!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या खाटेवरचं पोरगं जागं झालं. मग तिनं उशी कवटाळली, चेंडूंच्या खेळण्याची नळी तोंडात धरली आणि श्वास ओढला. पहिला चेंडू वर गेला.