पाण्यासाठी थांबलेली सहलीची गाडी

सत्तरच्या दशकातील एका पौषात मी सहलीला निघालेल्या, कोळशाच्या इंजिनाच्या एका गाडीचा पाठलाग केला. नागपूरच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याचे धाडस वकिलांनीही क्वचितच केले.

आदल्या दिवशी रेल्वेतील एका फायरमनची विधवा माझ्याकडे आली होती. क्वार्टर सोडण्याची तिची मुदत दोन दिवसांत संपत होती. मुलीची मॅट्रिकची परीक्षा होईपर्यंत तिला तिथे राहायचे होते आणि त्यासाठी रेल्वेतल्या साहेबांची सही आवश्यक होती. मी दोन पानी अर्ज लिहून तिचा अंगठा घेतला. अंगठ्यापूर्वी मजकूर वाचून दाखवण्याचा रिवाज आहे. त्या दिवशी गर्दीत तो राहिला.

सकाळी ती अर्ज घेऊन गेली, तोवर साहेब सहकुटुंब सहलीच्या खास गाडीने डोंगराकडे निघून गेले होते. परतणार दोन दिवसांनी, म्हणजे मुदत संपल्यावर. ती भावाला घेऊन माझ्याकडे आली. खाप्याहून संत्री आणण्यासाठी त्याच्यापाशी टेम्पो होता. साहेबांशी बोलायला जाणता माणूस हवा, म्हणून मीही निघालो.

सावनेर ओलांडल्यावर छोट्या रुळांवरच्या गाडीचा धूर दिसू लागला. चढावर इंजिन धापा टाकत होते आणि आमचा टेम्पो त्याहून अधिक. थंडीने माझी बोटे बधिर झाली होती.

"बाबूजी, तुमचा अर्ज लई वजनदार दिसते गा. टेम्पो चढूनच नाही राहिला," भाऊ म्हणाला.

"चूप बस गा, गाडीकडं पाह्य," ती म्हणाली.

डोंगरातील एका स्टेशनावर इंजिन पाणी घेण्यासाठी थांबले, तिथे आम्ही गाडी गाठली. साहेब फलाटावर उन्हात उभे होते. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, पेनही काढले. मग विचारले, "हे सोबत कोण?"

"माहा सख्खा भाऊ हाये, साहेब. खाप्याले राह्यते."

"इथे तर लिहिलंय, जगात कोणीही नातेवाईक नाही."

ती माझ्याकडे वळली. "असं काहून लिहिलं, बाबूजी? मी तं असं बोलली नाही."

विधवेच्या प्रत्येक अर्जात मी ते वाक्य घालत असे. त्याविना अर्ज उघडा वाटे.

"ती ओळ खोडा, बाजूला अंगठा घ्या. मी सही करतो," साहेब म्हणाले. "खोट्या मजकुरावर करणार नाही."

खाडाखोड केलेला कागद माझ्या हातून कधी गेला नव्हता. "स्वच्छ प्रत करून देतो," असे म्हणून मी बाकावर कोरा कागद ठेवला. बोटे वळत नव्हती. वरच्या ओळीतील साहेबांच्या हुद्द्यापर्यंतच आलो आणि शिट्टी झाली. त्यांनी जुना अर्ज सहीविनाच माझ्या हाती दिला व ते डब्यात चढले. पुढे सडक रुळांपासून दूर जात होती, गाडी पुन्हा गाठणे शक्य नव्हते.

परतताना ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. सावनेर आल्यावर ती भावाकडे वळली.

"तुह्या घरी पोरीले अभ्यासाले कोपरा भेटन का गा?"

"भेटन नं वं, ताई. संत्र्याच्या पेट्या बाहेर ठेवतो. सकाळी टेम्पो कधी आणू?"

"सातले आण."

मला वाईट वाटायला हवे होते. तसे काहीच वाटले नाही. हात काखेत घालून मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो.