इस्त्रीच्या डोक्यावरचं तेल

आमच्या शेजाऱ्याला सगळे 'इस्त्री' म्हणतात. हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला आहे आणि अंगावरच्या कपड्याला सुरकुती औषधालाही सापडायची नाही. पंचेचाळिशी उलटली, लग्न नाही. भांग मात्र असा सरळ, की पट्टी लावून तपासून घ्यावा. तो भांग त्याची आई पाडायची. हसू नका. संध्याकाळी हा कामावरून आला की म्हातारी तेलाची बाटली घेऊन स्टुलावर बसायची, हा तिच्या पायाशी.

अशा माणसाने एकदा मला जिन्यात गाठलं. "वहिनी, मी जटा करून घेतोय. ते ड्रेडलॉक्स."

"भावजी, इस्त्रीलाच चुरगळायची हौस आली का?"

तो हसला नाही. "आयुष्यात एकदा तरी हे डोकं माझं दिसू दे," म्हणाला.

चौकातल्या पार्लरवालीने त्याची टाळू नीट निरखून बजावलं होतं, "आधी महिनाभर तेल बंद. तेलकट केस पिळले तरी सुटतात. कंडिशनर नको. कोंडा गेला पाहिजे आणि खाजवून जखमा केल्यात तर मी हात लावणार नाही. आणि थांबू नका. पुढचे केस विरळ होत चाललेत, नंतर जटांचं वजन पेलणार नाही त्यांना."

गडी कामाला लागला. धुलाईघरातली सगळी अक्कल डोक्यावर चालवली. दोनदा फेस, चारदा पाणी, मग टॉवेलने टिपून वाळवण. केस केरसुणीसारखे उभे राहिले. टाळू खाजायची, पण नखं लावायची नाहीत, म्हणून बापडा डोक्यावर टपल्या मारत फिरायचा. "स्वतःलाच शिक्षा का?" मी विचारायचे.

घोडं अडलं ते आईपाशी. म्हातारीची आठवण वर्षभर झिरपून चालली होती. गॅस बंद करणं गेलं, वार गेले, माझी ओळखही गेली. पोराचं डोकं तेवढं बोटांना पाठ होतं. त्याने बाटली लपवली, तर तिने फोडणीचं तेल आणलं. मग त्याने बाटलीत पाणी भरलं. तिने तळवा हुंगला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बाई चोर आहे." मी म्हटलं, "चोरलं असतं तर दागिने चोरले असते, मावशी!" तिघंही हसलो. ते शेवटचं.

शेवटी तो टोपी घालूनच घरात यायला लागला. दारात आला की ती विचारायची, "कोण पाहिजे?" टोपी काढली, तर त्या कोरड्या झुडपाकडे बघत राहायची. पार्लरला जायच्या दिवशी तो कामावरून आला, तर तिने दारच अडवलं. "माझा मुलगा घरी नाही. नंतर या."

तो गेला. मी तिच्यापाशी बसले. तासाभरात परत आला, डोकं तसंच. पार्लरवालीने केसांचे चौकोन पाडायला घेतले आणि हा खुर्चीतून उठला होता. हातात तेलाची नवी बाटली. स्टुलासमोर मांडी घालून बसला.

तिने बाटली घेतली. तळव्यावर तेल घेतलं, टाळूवर थापलं, बोटं कानामागे गेली, मानेवर उतरली, सगळं नेहमीसारखं. भांगही पाडला, सरळ. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

"केस चांगले आहेत हो तुमचे," ती म्हणाली. "पण किती कोरडे! आई नाही का तुम्हाला?"

त्याच्या मानेवरून तेलाचा ओघळ कॉलरमध्ये शिरत होता. त्याने पुसला नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज तेल लावून घेतलं असतं तरी ती त्याला विसरणारच होती. ते त्याला कोण पटवणार? आता पुढचे केस गळाले. जटांचा विषय मी काढत नाही, तोही काढत नाही. रोज संध्याकाळी मात्र तो तिच्या पायाशी जाऊन बसतो. तेल लावून झालं की ती त्याला दारापर्यंत पोचवते.

"उद्याही या," म्हणते.

"येतो," तो म्हणतो, आणि माझ्या घरात येऊन बसतो, ती झोपेपर्यंत.