होणाऱ्या व्याह्यांशी रोबोंची मारामारी

होणाऱ्या व्याह्यांना मी त्यांच्या मुलीसमोर लागोपाठ तीनदा लोळवलं, आणि तेही हरायचं ठरवून.

मुलगी म्हणजे येवल्याची सायली. आमच्या तेजसला ती पसंत, तिला तेजस पसंत. उरलं होतं ते फक्त तिच्या वडिलांनी येऊन आमचं घर बघणं. वडील, म्हणजे तात्या, पैठणीच्या धंद्यातले. स्वभाव असा, की चहा गार मिळाला म्हणून त्यांनी आधीचं एक चांगलं स्थळ जागच्या जागी मोडलं होतं. (ते सायलीला घेऊन आले त्या रविवारी आमच्याकडचा चहा इतका कढत होता, की पहिली दहा मिनिटं कोणाला बोलताच येईना!)

गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत बघायला असं असतं किती? घर चार मिनिटांत संपलं. मग तात्यांची नजर टीव्हीखालच्या कंट्रोलरवर गेली.

"हे काय हाय?"

"रोबोंच्या मारामारीचा गेम, तात्या," तेजस म्हणाला. "एकदम सोपा आहे. खेळून बघता?"

"बघू की! पण माझ्यासमोर कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुरेखा, माझी बायको, चिवड्याची बशी घेऊन माझ्या कानाशी आली. "अहो, हरा. गपचूप हरा. पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

हरणं? तो तर माझ्या हातचा मळ! पहिल्या डावात मी कंट्रोलर मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो. तात्या तुटून पडले. चित्र मात्र काय झकास! पत्रा चेपतो, ठिणग्या उडतात, ठोसा बसला की कंट्रोलर मांडीवर थरथरतो. पण बटण दाबलं नाही तर रोबो आपोआप हात आडवे धरतो (नवख्यांसाठी सोय म्हणे!), आणि फार ठोसे मारणारा रोबो तापून बंद पडतो, हे तो गेम आधी सांगत नाही. तात्यांच्या रोबोतून धूर निघाला आणि तो उताणा पडला. मी जिंकलो!

सुरेखाने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या घशातला चिवडा तिथेच थांबला.

दुसऱ्या डावात मी माझा रोबो सरळ पळवला. पळपुटा कधी जिंकत नाही, हा आपला हिशोब. तो पळता पळता एका बारा मजली इमारतीला धडकला. आता, या गेमची मोठी खुबी अशी, की त्यातल्या इमारती खरोखर कोसळतात. ती कोसळली. तात्यांवर!

"काय हो," तात्या लाल झाले, "लय सराव दिसतोय?"

"छे हो! योगायोग!"

तिसऱ्या डावात मी डोळे मिटून सगळी बटणं एकदम बडवली. म्हटलं, आता माझाच तापेल आणि पडेल. डोळे उघडले तर माझ्या रोबोचे खांदे उघडून त्यातून क्षेपणास्त्रं सुटत होती, आणि तात्यांच्या रोबोचं मुंडकं गडगडत येऊन आमच्याकडे बघत थांबलं होतं.

"बाबा!" तेजस ओरडला. "म्हणून तर मी हा गेम सोडला! शिकून खेळणारा हरतो आणि बटणं बडवणारा जिंकतो!"

"मग हे आधी सांगायचं नाही का, गाढवा?"

तात्या उठले. सायलीचा चेहरा पडला. घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, आईशप्पथ, मी तर हरतच होतो!"

"म्हणजे? मुद्दाम?" तात्यांचा आवाज चढला. "मी काय पाळण्यातलं पोर हाय, मला जिंकवायला? बसा खाली! आता खरं खेळा. जीव तोडून. पुन्हा नाटक केलं तर सोयरीक नाय!"

पोराचं लग्न डोळ्यांसमोर ठेवून मी पुढे सरसावलो, बाह्या सरसावल्या, दात-ओठ खाल्ले. एकेक बटण तेजसला विचारून, नीट बघून दाबलं. खरं सांगतो, इतक्या मनापासून मी दहावीची परीक्षासुद्धा दिली नव्हती.

अकरा सेकंदांत हरलो.

तात्यांनी मला कडकडून मिठी मारली, पेढे मागवले आणि तिथल्या तिथे लग्न ठरवलं. सुरेखा पेढे घेऊन आली आणि हळूच माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "बघा! मनावर घेतलं की जमतं की नाही हरायला!"