सोमवारी ती होती

मी फार शिकलो नाही. दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी ऑफिसात शिपाई होतो. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तारखेच्या रबरी शिक्क्याचं चाक एक घर पुढे सरकवणं. ते राहिलं की दिवसभर कागदांवर कालची तारीख पडायची. माझ्या हातून ते कधी राहिलं नाही. एवढंच सांगण्यासारखं आहे माझ्याकडे.

बायको गेली मंगळवारी, पहाटे पावणेपाचला. तिच्या पुण्यानुमोदनासाठी सुनेनं इंटरनेटवर एक पान केलं, नागपूरच्या नातेवाइकांना बघता यावं म्हणून. फोटो चांगला लावला होता. खाली निधनाची तारीख. वार, सोमवार.

"हे चूक आहे," मी म्हणालो.

"बाबा, मी स्वतः भरलंय. मंगळवार, पहाटे पावणेपाच."

"तू भरलेलं लोकांना दिसतं का? पानावर सोमवार आहे."

मुलगा म्हणाला, "एका दिवसानं काय होतं?"

मी त्याच्यावर ओरडलोच. सोमवारी ती जिवंत होती, गाढवा! दवाखान्यात मी तिला संत्रं सोलून दिलं, तर म्हणाली, "अहो, जन्मभर शिक्के मारले, पण संत्र्याचे दोरे काही काढता येत नाहीत तुम्हाला." ते तिचं शेवटचं धड बोलणं. तो दिवस मी कसा जाऊ देऊ?

सून लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. बराच वेळ शोधलं, मग कपाळावर हात मारला.

"अच्छा! बाबा, आत वेळ लंडनच्या घड्याळानं साठवलीय. पानावर दाखवताना आपले साडेपाच तास मिळवायचे असतात, ते मी विसरले. तिथे तेव्हा सोमवारच होता."

"म्हणजे चाक फिरवायचं राहिलं."

"बिल्कुल तेच!"

तिनं ते फिरवलं. मंगळवार आला. न सांगता महिनाही आकड्याऐवजी अक्षरांत लिहिला, म्हणजे दिवस आधी की महिना, असा गावच्या म्हाताऱ्यांचा घोळ नको.

आमच्या घरात आभार मानायची रीत नाही. घराजवळच्या, दिल्लीतल्या द्वारकेच्या बाजारातून आणलेलं एक संत्रं मी सोललं आणि सुनेपुढे ठेवलं. तिनं फोड उचलून पाहिली.

"बाबा, दोरे राहिलेत."

"राहू दे," मी म्हणालो. "खा."