लेक माझी, गुपितं वन्संची

लग्न होऊन दोन महिने झाले असतील. घडीबाई दाराआड भांडी पुसत होती आणि आत सासू आणि नणंद यांची जुंपली होती. पोट पाडायला परवानगी देणारा कायदा तेव्हा नवाच आला होता.

"कायदा झाला म्हणून पापाचं पुण्य होतं का गं?" सासू म्हणाली.

"पाप कुणाचं ते वरचा बघेल. मी खाली बघते. खाली बाई मरत असते," नणंद म्हणाली.

"पोटातल्याला तोंड नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणी बोलायचंच नाही?"

"बोल की! पण तिच्या तोंडावर हात ठेवून बोलू नकोस."

तासभर चाललं. शेवटी सासू दमली आणि म्हणाली, "काही म्हण, गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका येतात मात्र तुझ्याचकडे." या बोलण्यात राग चिमूटभर आणि कौतुक ओंजळभर. दाराआडच्या नव्या सुनेला कायदा काही कळला नाही. एवढंच टोचलं, की आपल्याकडे कोण येणार?

घडीबाई हे नाव तिला पुढे पडलं. नणंद, म्हणजे तिच्या वन्सं, बायकांच्या दवाखान्यात आया होत्या. तिथल्याच धोबीखान्यात त्यांनी हिला चिकटवून दिलं. म्हणजे जळायचं ते जळायचं, वर उपकारही मानायचे! तीस वर्षं हिनं चादरी धुतल्या आणि इस्त्री करून घड्या घातल्या. चारी कोपरे असे जुळायचे, की मोठ्या नर्सबाई नव्या पोरींना बोलावून दाखवायच्या. पण कौतुक घडीचं. वर वॉर्डात बायका हात धरायच्या तो वन्संचा, रडायच्या त्या वन्संपाशी. लोक चादरीवर झोपतात, चादरीशी बोलत नाहीत.

परक्या बायकांचं सोडा. पोटची लेक, तीसुद्धा तसलीच. दात पडला, सांगितलं आत्याला. मुलगा पसंत पडला, आत्याला तीन महिने आधी ठाऊक. आईला कळलं तेव्हा मुलगा चहाला दारात उभा. कळा हिनं सोसायच्या आणि बातम्या आत्याकडे पोचायच्या. घडीबाई नाक मुरडायची, "माझं काय, मी आपली धोबीण," आणि इस्त्री जरा जास्तच दाबायची.

मग बऱ्याच वर्षांनी तो कायदा बदलायचं निघालं. दवाखान्यात सह्यांचे दोन कागद फिरू लागले. एकावर लिहिलं होतं, बाईला कुणाची परवानगी लागू नये. दुसऱ्यावर, आहे ती सूटसुद्धा कमी करा. पहिला कागद वन्सं स्वतः फिरवत होत्या. घडीबाईनं दुसऱ्यावर सही केली, ठळक, लांबून दिसेल अशी. वन्संना खिजवायला केली असं नाही. निदान सगळीच त्यासाठी नाही. वेळेआधी झालेल्या, तळहातावर मावतील एवढ्या पोरांची दुपटी तिनं धुतली होती, आणि त्यातली काही पोरं पुढे आईचं बोट धरून चालताना पाहिली होती. तिला मनापासून वाटायचं, की जीव तो जीव.

"घरात दोन पक्ष! मग जेवायला वाढतं कोण?" नर्सबाईंनी विचारलं.

"नवरा वाढतो. त्याला मत नाही," घडीबाई म्हणाली.

एका मंगळवारी वन्संकडून, पोट पाडायला आलेल्या बायकांच्या वॉर्डातून आलेली टोपली तिनं उपसली. दवाखान्याच्या पांढऱ्या, नंबर घातलेल्या चादरींमध्ये एक निळ्या रेघांची निघाली. कोपऱ्याला तिच्याच हातची टीप. लेकीला संसाराला दिलेली चादर! घडीबाईनं ती टीप दोनदा चाचपली. ती कुठल्या खाटेवरची, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

चादर काखेत मारून ती वर गेली. वन्सं पाण्याच्या बाटल्या भरत होत्या.

"ही तुमच्या टोपलीत कशी आली?"

वन्संचा हात थांबला. "इथल्या चादरी तिला टोचतात म्हणून घरून आणली होती. मग मी सवयीनं टाकली टोपलीत. हात आपला चालतो गं." मग हळूच, "काल झालं. बरी आहे ती."

"का?"

"कडेवर आठ महिन्यांचं लेकरू, नोकरी आत्ता लागलेली. दोघांनी मिळून ठरवलं."

"मी सांभाळलं असतं! दोन्ही सांभाळली असती!"

"हेच तू म्हणशील, आणि मग तिला नाही म्हणवणार नाही. म्हणून आली नाही तुझ्याकडे."

"तुमच्याकडे बरी आली!"

"तुला राग कसला आलाय? तिनं केलं त्याचा, की मला सांगितलं त्याचा?"

"दोन्हीचा. दुसऱ्याचा जास्त."

वन्संनी बाटलीचं झाकण लावलं. "आता तू तोंड फिरवशील म्हणून घाबरलीय ती. बघ बाई काय ते."

आज तोंड फिरवलं तर लेक कायमची आत्याची होईल, हे घडीबाईला लख्ख कळत होतं. तिनं चादर धुतली, कडक इस्त्री केली आणि कामावरून परस्पर लेकीचं घर गाठलं. लेक पडून होती. हातातली चादर पाहून तिचा चेहरा उतरला.

"आई, मी..."

"सरक जरा." घडीबाईनं चादर घातली, चारी बाजूंनी खोचली.

"ती सही मागे घेशील?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मला पटलेलं नाही, पटणारही नाही. म्हणून तुला पाणी द्यायचं नाही का? पोराला आण इकडे." पोराला मांडीवर घेतलं, तरी राहवेना. "पुढच्या वेळी काय असेल ते आधी मला सांग. मी भांडेन. पण आधी मला."

लेक हो म्हणाली. आणि पुढची बातमी पुन्हा आत्यालाच सांगितली. खोड ती जाते का?

कायदा शेवटी बदलला. दोन्ही कागदवाले म्हणाले, आमचं अर्धंच ऐकलं. पुढे दोघी निवृत्त झाल्या, वन्संनी वेगळं बिऱ्हाड केलं. वन्संचे गुडघे गेले, तेव्हा दर शनिवारी त्यांचे धुतलेले कपडे पोचवायला घडीबाई जाऊ लागली. स्वतःच्या मरणाच्या दोन दिवस आधीचा शनिवारही तिनं चुकवला नाही. गठ्ठा घेऊन जिने चढली, लुगडी कपाटात रचली, मग खुर्ची ओढून बसली.

"फोन आला असेल तुम्हाला."

"कुणाचा गं?"

"आता कुणाचा म्हणजे!"

वन्सं हसल्या. लेकीला बढती मिळाली होती, नातवाचा पुढचा दात हलत होता.

"मला काय करायचंय," घडीबाई म्हणाली. "वरचा की खालचा?"

"वरचा."

तिनं मान हलवली, मळक्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि जिना उतरायला लागली.