चुडामणचा दाट साग

माझा धाकटा दीर चुडामण, सहा भावांत शेवटचा. जमीन थोडी, खाणारी तोंडं फार, म्हणून सासऱ्यांनी त्याला लहानपणीच साक्रीकडे मामाच्या घरी धाडलं. तिकडेच वाढला, बेबाबाईशी लग्न करून मामाच्याच ओसरीत संसार मांडला. स्वतःचं घर बांधायचं आणि त्याला तुळया घरच्या सागाच्या, एवढीच त्याची हौस. मामाने दिलेल्या नाल्याकाठच्या तुकड्यात त्याने चौऱ्याऐंशी साली साग लावला, बाजरी पेरावी तसा दाट. उन्हाळ्यात दोघांनी कावडीने पाणी घातलं. सगळी रोपं जगली. तिथेच घोळ झाला.

पाच-सहा वर्षांनी जंगल खात्याचा गार्ड म्हणाला, "भाऊ, विरळणी करा. एकाआड एक काढा, नाहीतर सगळीच उपाशी राहतील."

शेजारच्या भिकननेही साग लावला होता, त्याने ऐकलं. निघालेल्या काठ्या कुंपणासाठी विकल्या. त्याच्या रानात ऊन उतरलं, गवत आलं, तितर आले, खोडं भरत गेली.

चुडामण कुऱ्हाड घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बेबाबाई तापलेलीच होती. "कपाशी इरळतांना तुमना हात थरथरस नही, मंग आठे काय व्हयनं?"

तो सागाकडे हात करत माझ्याकडे वळला. "वहिनी, यासमाईन जास्तीनं कोनतं शे, तूच सांग."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. पण जास्तीचा म्हणून घराबाहेर काढलेल्या माणसाला मी काय सांगणार?

साग उंच गेला, पण उदबत्तीसारखा. खाली दिवसाही अंधार, नुसता पाचोळा. बकरीसुद्धा तिकडे फिरकेना.

सत्त्याण्णवला बेबाबाईचं खोकल्याचं जुनं दुखणं वाढलं, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत घर व्हावं, उरलेली खोडं लवकर भरावीत म्हणून त्याने घाईघाईने निम्मी झाडं तोडली. उशीर झाला होता. एकमेकांच्या आधाराने उभी राहिलेली ती. आधार गेला आणि वैशाखातल्या वावटळीत उरलेली वाकली, ती वाकलीच. चुडामण दोर घेऊन त्यांना सरळ बांधत फिरायचा.

व्यापारी आला. दोन्ही पंजे खोडाभोवती धरले, बोटाला बोट लागलं. "आबा, मांडवाला चालतील," म्हणाला आणि बिडी पेटवून निघून गेला.

घर झालं, त्याच तोडलेल्या सागाच्या काठ्यांवर पत्रे टाकून. बेबाबाई खाटेवर पडल्या पडल्या वर बघत म्हणाली, "तुळई तं कोठेच दिखस नही."

"शे ना," चुडामण म्हणाला, "बारीक शे."

ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. दिवाळी काही तिने पाहिली नाही.

वाकलेल्या सागातलं एकही झाड त्याने पुढे तोडलं नाही.