न सांगता केलेलं फिटिंग

सई शर्ट घालून पडद्यामागून बाहेर आली आणि आरशासमोर उभी राहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच. कॉलरबरोबर फिटिंगही करून टाकलं. माझ्याकडून."

तिचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की काहीतरी घोटाळा झालाय.

कोथरूडमध्ये माझं शिलाईचं दुकान आहे. बत्तीस वर्षं झाली. हल्ली नवे कपडे शिवायला फारसं कोणी येत नाही, दुकान आल्टरेशनवर चालतं. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची मुलं. एका पायात दोघं मावतील अशी जीन्स, तिला बॅगी म्हणतात. खांदा कोपराकडे निघालेला टी-शर्ट, तो ओव्हरसाइज. कोणाचे तरी वापरलेले कपडे शोधून आणतात, ते थ्रिफ्ट. आमच्या लहानपणी थोरल्या भावाचे कपडे घालावे लागत, त्याला आम्ही नाइलाज म्हणायचो.

खरं सांगतो, मला ते ट्रायलचे दिवस फार आठवतात. लग्न ठरलेला मुलगा तीन-तीनदा यायचा. मी तोंडात टाचण्या धरून खांदा बसवायचो आणि तो श्वास रोखून उभा राहायचा. खांदा नेमका बसला, की माणूस आपोआप ताठ होतो. ते बघायला मिळून बरीच वर्षं झाली. माझा स्वतःचा मुलगा बंगळुरूला असतो, कपडे ऑनलाइन मागवतो. मी शिवलेला शर्ट त्याने शेवटचा कधी घातला, हे त्याला आठवत नसेल. मला आठवतं.

सई पलीकडच्या सोसायटीतली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. चार दिवसांपूर्वी निळ्या चौकड्यांचा एक पुरुषी शर्ट घेऊन आली होती.

"कॉलर विरलीय. पलटून द्याल?"

कॉलर पलटणं म्हणजे ती उसवायची आणि झिजलेली बाजू खाली घालून पुन्हा शिवायची. हे काम आता कोणी सांगतच नाही. माझे हात शिवशिवायला लागले. कॉलर झाली, आणि मग ते खांदे दिसले. पोर एवढीशी आणि शर्ट गोणपाटासारखा. म्हटलं, एकदा नीट बसलेला शर्ट घालून तर बघू दे. दोन्ही खांदे दोन-दोन इंच कापले, बाजू आत घेतल्या, दुमडलेल्या बाह्या उलगडून कडक इस्त्री केली.

"बाबांचा शर्ट आहे हा," सई आता म्हणाली. "मागच्या वर्षी गेले ते. कॉलेजात सगळेच ओव्हरसाइज घालतात ना, म्हणून हा घातला तरी कोणी काही विचारत नाही. आई म्हणते, कपाटात जपून ठेव. कपाटात ठेवून काय करू?"

तिने खांद्यावरची नवी शिवण चाचपली.

"आता हा माझ्या मापाचा झाला, काका."

बत्तीस वर्षांत हे वाक्य मी शाबासकी म्हणूनच ऐकलं होतं.

"बस," म्हटलं. "कापलेलं सापडतंय का बघतो."

कातरणाचं पोतं गोधड्या शिवणाऱ्या एक बाई दर शनिवारी घेऊन जातात. त्या दिवशी शुक्रवार होता. पोतं फरशीवर उपडं केलं. सईही खाली बसून शोधायला लागली. निळ्या चौकड्यांचे दोन तुकडे मिळाले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. सईने पडद्यामागे जाऊन शर्ट काढून दिला. मी बाजूच्या टिपा उसवल्या, तुकडे खांद्याला पुन्हा जोडले. चौकड्या जुळल्या, पण जोड लपला नाही. टीप मारायला कापड जातंच. खांदा अर्धा इंच कमी भरला, तो कायमचा.

"आणि बाह्या?" तिने विचारलं. "बाबांनी दुमडल्या होत्या तशाच मी ठेवल्या होत्या."

ती घडी माझ्या इस्त्रीने गेली होती. मी बाही उजेडात धरली. रोज एकाच जागी दुमडलेलं कापड घडीच्या कडेला झिजून फिकट होतं. फिकट रेघा दिसल्या. त्या धरून मी घडी घालत गेलो. उजव्या बाहीवर दोन रेघा होत्या, डाव्या बाहीवर तीन.

"डाव्या बाहीला एक घडी जास्त कशी?"

"घड्याळ," ती म्हणाली. आणि मग रडली.

शर्ट तिने पुन्हा अंगात चढवला आणि तसाच घालून गेली. खांदे पुन्हा उतरलेले, ढगळ. माझ्या दुकानातून इतका वाईट बसलेला शर्ट कधी बाहेर पडला नव्हता. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लावली: 'सांगितले तेवढेच काम केले जाईल.' आत आलेले लोक ती वाचून हसतात, पुणेरी उद्धटपणा म्हणतात. पाटीचं तोंड मात्र गिऱ्हाइकाकडे नाही, माझ्या मशीनकडे आहे.